यंत्रांचा दुभाषी

अंबरनाथच्या पूर्वेकडील पालेगाव आता केवळ शेतांचे गाव राहिलेले नाही. तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि औद्योगिक वसाहतीतील कारखानेही तेथून फार लांब नाहीत. या परिसरातील एखाद्या लहान कारखान्याच्या कचेरीत, किंवा मालवाहतूक करणाऱ्याच्या एका खोलीच्या दुकानात गेल्यास अजूनही एक विशिष्ट आवाज कानी पडण्याचा संभव असतो. कोणी घाईघाईने पत्र्यावर चरचर रेघा ओढाव्यात तसा तो आवाज असतो. तो थांबला की कारकून कडांना छिद्रे असलेला एक लांबच लांब कागद फाडून घेतो, त्याचे पदर सुटे करतो आणि एक पदर बाहेर थांबलेल्या ट्रकचालकाच्या हाती देतो. मगच ट्रक फाटकातून बाहेर पडतो.

हा आवाज करणाऱ्या यंत्रास डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असे म्हणतात. त्याहून शांत, वेगवान आणि सुबक छपाई करणारे प्रिंटर बाजारात कधीच आले आहेत. असे असूनही हे जुने यंत्र पुष्कळ ठिकाणी आपली जागा सोडीत नाही, याला कारण आहे. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात. मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूक करणाऱ्याची आणि तिसरी माल विकणाऱ्याची. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कागदावर प्रत्यक्ष आघात करून अक्षर उमटवतो. त्यामुळे एकाखाली एक असे तीन कागद ठेवले तर एकाच आघातात तिन्ही प्रती तयार होतात. पांढऱ्या कागदावर जे उमटते तेच गुलाबी आणि पिवळ्या कागदांवरही उमटते. शाई फवारणारा किंवा भुकटी चिकटवणारा प्रिंटर कागदावर आघात करीतच नाही. त्याला तीन प्रती तीन वेळा छापाव्या लागतात, आणि त्या तिन्ही तंतोतंत एकच आहेत याची साक्ष कागद स्वतः देऊ शकत नाही.

अडचण निराळ्याच ठिकाणी निर्माण होते. कचेरीतील जुना संगणक एखाद्या दिवशी बंद पडतो आणि मालक नवा संगणक आणतो. प्रिंटर जागच्या जागी धडधाकट असतो. त्याची जाडजूड केबल नव्या संगणकाला जोडावयास जावे, तर तिचे रुंद तोंड बसेल अशी जागाच त्या संगणकावर नसते. तेथे फक्त यूएसबीची लहान लहान चपटी तोंडे असतात. वर्षानुवर्षे बिले छापणारे यंत्र एका दिवसात मुके होते, आणि तेही त्याचा काडीमात्र दोष नसताना. दुकानदार सांगतो, “नवा प्रिंटर घ्या.” हा सल्ला नेहमीच योग्य असतो असे नाही.

हे कोडे उलगडावयाचे तर प्रथम हा प्रिंटर छापतो कसा ते पाहिले पाहिजे. त्याच्या आत एक लहानसे डोके रुळावरून डावीकडून उजवीकडे आणि परत असे धावत असते. या डोक्यात पोलादी तारांच्या बारीक पिना एकाखाली एक बसवलेल्या असतात. साध्या प्रिंटरमध्ये त्या ९ असतात, तर अधिक सुबक छपाईच्या प्रिंटरमध्ये २४. प्रत्येक पिनेमागे तिचा स्वतःचा विद्युत्‌चुंबक असतो. त्यात क्षणमात्र वीज खेळली की पिन पुढे झेपावते, शाईच्या फितीवर आदळते आणि कागदावर एक ठिपका उमटतो. कोणत्या क्षणी कोणत्या पिनांनी झेपावयाचे एवढे ठरले की ठिपक्यांचे अक्षर होते. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की रांगोळीतील ठिपके रेषांनी जोडले जातात आणि येथे ठिपकेच इतके जवळ जवळ पडतात की डोळ्यांना ती रेषा वाटते.

रोमन अक्षरे आणि अंक यांचे ठिपक्यांचे साचे प्रिंटरच्या स्मरणात आधीपासूनच साठवलेले असतात. संगणकाने केवळ अक्षराचा क्रमांक सांगावयाचा आणि प्रिंटरने आपल्या साच्यातून ते अक्षर काढून छापावयाचे, अशी कामाची वाटणी असते. रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’ या अक्षराचा क्रमांक ६५ आहे. देवनागरीची गोष्ट इतकी सोपी नाही. शिरोरेषा, वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सारे नऊ पिनांच्या उंचीत कसेबसे मावते. ‘र्‍हस्व’ किंवा ‘कर्तृत्व’ असा शब्द सामान्य प्रिंटरच्या साच्यांत सापडणारच नाही. १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे जे काम केले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत ‘जिस्ट’ या नावाने वाढले. सी-डॅकची स्थापना १९८८ सालची. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या अक्षरक्रमांकांचे मानकही ठरले. आजचा संगणक मात्र बहुधा दुसरा मार्ग पत्करतो. तो मराठी मजकुराचे आपल्याच पोटात ठिपक्यांचे चित्र तयार करतो आणि ते चित्र ओळीओळीने प्रिंटरकडे धाडतो. म्हणूनच मराठी मजकूर छापताना डोके हळू चालल्यासारखे वाटते. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती एकदा आडवी येणार आहे.

आता हे क्रमांक संगणकाकडून प्रिंटरपर्यंत पोहोचतात कसे? संगणक कोणताही क्रमांक शून्य आणि एक या दोनच चिन्हांनी लिहितो. ६५ हा क्रमांक तो ०१०००००१ असा लिहितो. यात आठ घरे आहेत. जुन्या प्रिंटरच्या केबलमध्ये या आठ घरांसाठी आठ स्वतंत्र तारा असतात. ज्या घरात एक असेल त्या तारेवर सुमारे ५ व्होल्टचा दाब येतो आणि ज्या घरात शून्य असेल ती तार रिकामी राहते. आठही तारा शेजारी शेजारी, एकाच वेळी, बरोबरीने संदेश नेतात. म्हणूनच या पद्धतीस पॅरलल, म्हणजे समांतर, असे नाव पडले.

परंतु केवळ आठ तारांनी भागत नाही. तारांवर काही दाब आहे म्हणजे अक्षर पूर्ण होऊन पोहोचले, असे प्रिंटरने कसे समजावे? यासाठी आणखी एक तार असते. आठ तारांवरील चिन्हे स्थिर झाली की संगणक या नवव्या तारेवर अगदी अल्प काळ, म्हणजे सेकंदाच्या सुमारे दहालाखाव्या भागाइतका, इशारा देतो. जणू तो म्हणतो, “आता वाच.” तो मिळताच प्रिंटर आठ तारांवरील चिन्हे उचलतो आणि एका वेगळ्या तारेवर ‘मी कामात आहे’ अशी खूण उभी करतो. ती खूण असेपर्यंत संगणकाने दुसरे अक्षर धाडावयाचे नाही. काम उरकले की प्रिंटर ‘मिळाले’ अशी पोच देतो आणि पुढील अक्षराची वाट मोकळी होते. कागद संपल्याची खूण करण्यासाठीही निराळी तार असते. एका अक्षरामागे एवढा शिष्टाचार! आणि सेकंदाला दोन-तीनशे अक्षरे छापणारा प्रिंटर तो दर सेकंदाला तितक्याच वेळा पाळतो.

ही रीत अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने १९७० साली आपल्या पहिल्या प्रिंटरबरोबर आणली. त्या प्रिंटरच्या डोक्यात सात तारा होत्या. त्याला ३६ टोकांचे जे रुंद तोंड बसवले गेले त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. ही कंपनी ज्या वँग लॅबोरेटरीज कंपनीतून निघाली, तिच्याकडे गणकयंत्रांच्या कामातून उरलेली अशी हजारो तोंडे पडून होती, म्हणून तीच वापरली गेली असे सांगतात. शिल्लक माल खपवण्यासाठी केलेली ती निवड जगभरच्या प्रिंटरांच्या पाठीवर कायमची बसली. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा संगणकाच्या बाजूस मात्र २५ छिद्रांचे तोंड ठेवले. तेव्हापासून पॅरलल केबलच्या दोन टोकांना दोन निराळी तोंडे असतात. १९९४ साली या पद्धतीचे रीतसर मानकही ठरले. तोवर तिचे दिवस भरत आले होते.

संगणकाच्या पाठीवर त्या काळी निरनिराळ्या तोंडांची गर्दी झाली होती. कळफलकाचे तोंड वेगळे, माऊसचे वेगळे, प्रिंटरचे वेगळे. काही नवे यंत्र जोडावयाचे तर संगणक बंद करावा, केबल बसवावी, पुन्हा सुरू करावा आणि तरीही तो त्या यंत्रास ओळखील याची शाश्वती नसावी, असा प्रकार होता. इंटेल कंपनीत काम करणारे अजय भट्ट हे अभियंते या कटकटीने त्रासले होते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. सर्व यंत्रांसाठी एकच साधे तोंड का असू नये, असा प्रश्न त्यांनी धसास लावला. हे काम एकट्याचे नव्हते. इंटेलबरोबर आणखी सहा कंपन्या त्यात सामील झाल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. १९९८ साली अॅपल कंपनीने आयमॅक हा संगणक आणला, तेव्हा त्यावरून जुनी तोंडे काढून टाकून यूएसबीवरच भिस्त ठेवली. इतरांनीही हळूहळू तोच मार्ग धरला.

यूएसबीच्या मूळ केबलमध्ये चारच तारा असतात. एक वीज नेणारी, एक परतीची, आणि उरलेल्या दोन मिळून संदेश नेणाऱ्या. आठ घरे आठ तारांवरून एकदम न नेता ती एकामागून एक, एकाच जोडीवरून धाडली जातात. आठ तारांपेक्षा ही एक जोडी अधिक वेगवान कशी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. आठ मुलांनी एका रांगेत हातात हात घालून धावावे अशी कल्पना करा. सावकाश पळताना रांग सरळ राहते. वेग वाढला की कोणी पुढे जातो, कोणी मागे पडतो, आणि रांगेने रेषा एकदम ओलांडली की नाही हे सांगता येत नाही. एकट्या मुलाला ही अडचण नसते, तो हवा तितका जोरात पळू शकतो. समांतर तारांचेही तसेच होते. वेग फार वाढवला तर आठ चिन्हे नेमकी एकाच क्षणी पोहोचत नाहीत. १९९६ च्या यूएसबीवरून सेकंदाला १ कोटी २० लाख चिन्हे जाऊ शकत, आणि पुढील आवृत्त्यांत हा वेग कितीतरी पटींनी वाढला. अर्थात, न्यायाने बोलावयाचे तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला या वेगाची मुळीच गरज नव्हती. त्याच्यापुरती जुनी केबल पुरेशी होती. बदल इतरांच्या सोयीसाठी झाला आणि त्याची झळ त्याला पोहोचली.

तारांच्या संख्येपेक्षाही मोठा भेद आहे तो बोलण्याच्या रीतीत. यूएसबीमध्ये संगणक हा वर्गातील गुरुजींसारखा असतो. तोच एकेका यंत्राचे नाव घेतो आणि ज्याचे नाव घेतले त्यानेच उत्तर द्यावयाचे. कोणत्याही यंत्राने आपण होऊन तोंड उघडावयाचे नाही. यंत्र जोडताच गुरुजी प्रथम त्याची चौकशी करतात. तू कोण, कोणत्या वर्गाचा, तुला वीज किती लागते? यंत्राने या प्रश्नांची ठरलेल्या भाषेत उत्तरे दिली तरच त्यास हजेरीपटावर क्रमांक मिळतो. जुन्या प्रिंटरला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला आठ तारा, ‘आता वाच’ हा इशारा आणि ‘मी कामात आहे’ ही खूण एवढेच कळते. त्याला वर्ग विचारला तर तो गप्प राहणार.

म्हणूनच एका टोकाला यूएसबीचे तोंड आणि दुसऱ्या टोकाला ३६ टोकांचे तोंड अशी नुसती तारांची जोडणी करून काही उपयोग होत नाही. तोंडे बसतील, पण बोलणे होणार नाही. येथे दुभाषी हवा.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता आणि त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषी होता. असा दुभाषी केवळ या भाषेतील शब्दास त्या भाषेतील शब्द देत नाही. कोणी केव्हा बोलावे, किती बोलावे, उत्तर येईपर्यंत कसे थांबावे, ही दोन्ही बाजूंची रीत त्याला सांभाळावी लागते. यूएसबी आणि पॅरलल यांमधील दुभाष्याचे कामही असेच आहे. त्याला बाजारात कन्व्हर्टर किंवा यूएसबी-पॅरलल केबल म्हणतात. वरून ती साधी केबलच दिसते. परंतु तिच्या एका टोकाच्या जाड आवरणाखाली एक लहानशी चीप बसवलेली असते आणि सारी हुशारी त्या चीपमध्ये असते.

ही चीप संगणकाकडे तोंड करून यूएसबीचे यंत्र म्हणून वागते. गुरुजींनी वर्ग विचारताच ती ‘मी प्रिंटर’ असे उत्तर देते. हे अर्धसत्य आहे, पण ते खपून जाते. नंतर संगणक तिला अक्षरांचे गाठोडे देतो. साध्या वेगाच्या जोडणीत एका गाठोड्यात जास्तीत जास्त ६४ अक्षरक्रमांक मावतात. चीप ते गाठोडे सोडते, एकेक क्रमांक आठ तारांवर मांडते, इशाऱ्याच्या तारेला झटका देते आणि प्रिंटरची ‘मी कामात आहे’ ही खूण खाली येण्याची वाट पाहते. आता खरी कसोटी येते. संगणक सारे बिल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच देऊ पाहतो आणि प्रिंटर तर ओळीओळीने छापीत असतो. त्याचे स्मरण भरले की तो खूण उभी करून ठेवतो. तेव्हा चीप संगणकाला यूएसबीच्या रीतीने सांगते, “आता नको, पुन्हा विचारा.” संगणक रागावत नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. असे हजारो वेळा घडते तेव्हा कागदावर एक बिल उतरते. कागद संपल्याची प्रिंटरची खूणही हीच चीप संगणकाच्या भाषेत कळवते.

प्रत्यक्ष जोडणी कठीण नाही, मात्र ती क्रमाने करावी. कन्व्हर्टर घेतानाच त्याचे दुसरे टोक पाहून घ्यावे. ३६ टोकांचे असेल तर ते थेट प्रिंटरमध्ये बसते. २५ छिद्रांचे असेल तर प्रिंटरची जुनी केबल मध्ये ठेवावी लागते. केबल जोडण्यापूर्वी प्रिंटरची वीज बंद करावी. यूएसबीचे तोंड चालू यंत्रात घालण्यासाठीच बनवलेले असते, परंतु जुने पॅरलल तोंड तसे नसते आणि चालू स्थितीत ते हाताळल्याने आतील भाग निकामी होऊ शकतो. तोंड बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या त्यावर आवळाव्यात, नाहीतर डोक्याच्या धावण्याच्या हादऱ्यांनी ते सैल होते. मग प्रिंटर सुरू करावा आणि शेवटी यूएसबीचे टोक संगणकात घालावे.

संगणक चीपला ओळखतो, पण तिच्यामागे नेमका कोणता प्रिंटर आहे हे त्याला बहुधा कळत नाही. ते आपण सांगावयाचे असते. यासाठी प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो. ट्रकच्या ड्रायव्हरशी याचा संबंध नाही. प्रिंटर कोणत्या आज्ञा समजतो हे संगणकास सांगणारी ती आज्ञावली असते. तुमच्या प्रिंटरचाच ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत तो कोणत्या प्रसिद्ध प्रिंटरच्या आज्ञा समजतो हे पाहावे. अनेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एप्सन कंपनीच्या आज्ञा समजतात. संगणकात ‘केवळ मजकूर’ अशा अर्थाचा एक सर्वसाधारण ड्रायव्हरही असतो आणि घाईत पुष्कळजण तोच निवडतात. इंग्रजी बिल त्याने नीट छापले जाते. मात्र मराठी नाव आले की त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते, कारण हा ड्रायव्हर अक्षराचे चित्र काढीत नाही, केवळ क्रमांक धाडतो, आणि आपल्या अक्षरांचे साचे प्रिंटरपाशी नसतात. गिऱ्हाइकाचे नाव मराठीत हवे असेल तर चित्र काढणारा ड्रायव्हरच शोधला पाहिजे.

दुसरी चूक होते ती पत्त्याची. जुन्या संगणकावर प्रिंटरच्या दाराचे नाव एलपीटी-१ असे. हाताला सवय असते म्हणून नव्या संगणकावरही तेच नाव निवडले जाते आणि मग काहीच छापले जात नाही. नव्या दाराचे नाव विंडोजमध्ये बहुधा यूएसबी-००१ असे असते, तेच निवडावे.

इतके करूनही प्रिंटर हलला नाही तर दोष कोणाचा हे प्रथम ठरवावे. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांमध्ये ओळ पुढे सरकवण्याचे बटण दाबून धरून वीज सुरू केली की प्रिंटर संगणकाच्या मदतीवाचून स्वतःच काही ओळी छापून दाखवतो. त्या नीट आल्या तर प्रिंटर निर्दोष आहे आणि दोष केबल, ड्रायव्हर किंवा दाराचे नाव यांत शोधावा. एवढ्या साध्या परीक्षेने पुष्कळ चांगले प्रिंटर भंगारात जाण्यापासून वाचू शकतात.

काही कचेऱ्यांत याहूनही जुनी एक गाठ असते. त्यांचा हिशेबाचा कार्यक्रम डॉसच्या काळात लिहिलेला असतो. असा कार्यक्रम ड्रायव्हर वगैरे काही जाणत नाही. तो थेट एलपीटी-१ या दारावर जाऊन अक्षरे टाकतो, आणि ते दार तर आता अस्तित्वातच नाही. यावर तोडगा असा, की प्रथम नवा प्रिंटर जाळ्यावरील सामायिक प्रिंटर म्हणून जाहीर करावा आणि नंतर ‘नेट यूज’ या आज्ञेने संगणकास सांगावे की एलपीटी-१ च्या नावाने जे येईल ते या सामायिक प्रिंटरकडे पाठव. बंद झालेल्या जुन्या दुकानाच्या दारावर ‘दुकान पलीकडच्या गल्लीत हलवले आहे’ अशी पाटी लावावी तसाच हा प्रकार. येथे जणू दुसरा दुभाषी कामास लागतो, पण हा चीपमध्ये नसून संगणकाच्या आज्ञावलीत असतो. त्यातही एक मर्यादा आहे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे कार्यक्रम मुळातच चालत नाहीत, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे. तेथे डॉसचे सोंग घेणारा आणखी एक कार्यक्रम वापरावा लागतो. असे थरावर थर चढू लागले की प्रिंटर राखावा पण हिशेबाचा कार्यक्रम नवा घ्यावा, हेच शहाणपणाचे ठरते.

कन्व्हर्टरला सर्वच कामे जमतात असेही नाही. पॅरलल तोंडाला एके काळी प्रिंटरखेरीज इतर वस्तूही जोडल्या जात. काही जुने स्कॅनर तसे होते, आणि महागड्या कार्यक्रमांची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपासारख्या लहान डब्याही तेथेच बसत. या वस्तू त्या तोंडातील एकेका तारेशी स्वतः खेळत असत. ‘मी प्रिंटर’ एवढेच बोलावयास शिकलेली चीप त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी टेबलावरील मोठ्या संगणकाच्या आत खरेखुरे पॅरलल तोंड असलेले कार्ड बसवता येते. मांडीवरच्या संगणकात अशा कार्डाला जागा नसते.

प्रिंटर टाकून देण्याचा निर्णय करण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. त्यात लोखंड, तांबे, प्लॅस्टिक आणि विद्युत्‌मंडलांचे पत्रे असतात. ते उघड्यावर जाळले किंवा फोडले तर विषारी द्रव्ये माती-पाण्यात मिसळतात. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम अमलात आले आहेत आणि प्रिंटरही त्यांच्या कक्षेत येतात. खरोखरच निकामी झालेले यंत्र नोंदणी केलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेले पाहिजे. पण जे यंत्र केवळ मुके झाले आहे ते कचरा नव्हे.

कन्व्हर्टर बसला, पहिले बिल निघाले आणि तरीही पिवळा कागद अगदीच पुसट आला, तर दोष नव्या जोडणीला देऊ नये. डोके आणि कागद यांमधील अंतर बदलण्यासाठी प्रिंटरच्या बाजूस, झाकणाखाली, एक लहानसा खटका असतो. एका कागदासाठी तो एका खाचेत आणि तीन पदरांसाठी दुसऱ्या खाचेत ठेवावयाचा असतो. अंतर नको तितके वाढले तर पिनांचा मार तिसऱ्या पदरापर्यंत पोहोचत नाही. फार कमी झाले तर कागद अडकतो आणि पिना वाकतात. खटका योग्य खाचेत असूनही तिन्ही प्रती फिकट येत असतील तर दोष केवळ फितीचा नसतो. पांढरी प्रत फिकट पण गुलाबी आणि पिवळी ठसठशीत असे दिसले तर फीतच वाळली आहे असे समजावे, कारण खालच्या दोन कागदांना फितीची शाई लागतच नाही. त्यांना केवळ मार लागतो.